वाचकांचे प्रश्न : एका कॅपची कारकीर्द

मागील अंकातील क्रीडा-टिपणात आम्ही एक वाक्य लिहिले होते : आयर्लंडचे मिक ओ'फ्लॅनगन हे रग्बी युनियनचा एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळले, आणि तो सामना आयर्लंडच्या पहिल्या ग्रँड स्लॅमच्या मोसमातला होता. या एका वाक्यावर अनेक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : एकच सामना खेळलेल्या माणसाच्या बाबतीत ‘आंतरराष्ट्रीय कारकीर्द’ हा शब्द वापरणे योग्य आहे का? त्या सामन्याविषयी अधिक माहिती मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रग्बीत देशाकडून खेळलेल्या प्रत्येक अधिकृत सामन्यासाठी खेळाडूच्या नावावर एक ‘कॅप’ जमा होते. मिक ओ'फ्लॅनगन यांच्या नावावर अशी एक कॅप आहे आणि तिची तारीख आहे 28 फेब्रुवारी 1948. त्या दिवशी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर ते स्कॉटलंडविरुद्ध सेंटरच्या जागेवर खेळले. आयर्लंडने 6-0 असा विजय मिळवला. त्या काळी एका ट्रायला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवण्याला, तीनच गुण मिळत असत (आज पाच मिळतात), त्यामुळे सहा गुण म्हणजे दोन ट्राय. एक बार्नी मलन यांचा आणि दुसरा जॅक काइल यांचा.

हा सामना सुटा पाहिला तर तो फेब्रुवारीतल्या एका शनिवारचा साधा विजय वाटेल. त्या मोसमाच्या रांगेत ठेवला की त्याचे वजन कळते. फाइव्ह नेशन्स स्पर्धेत पाच संघ असत आणि प्रत्येकाला चार सामने मिळत. चारही जिंकणे म्हणजे ग्रँड स्लॅम. आयर्लंडने 1 जानेवारीला पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये फ्रान्सला 13-6 असे हरवले, 14 फेब्रुवारीला ट्विकनहॅमवर इंग्लंडला अवघ्या एका गुणाने, म्हणजे 11-10 असे नमवले, त्यानंतर स्कॉटलंडचा हा सामना झाला आणि शेवटी 13 मार्चला बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर वेल्सला 6-3 असे हरवून चक्र पूर्ण केले. कर्णधार कार्ल मलन तेव्हा केवळ एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर पुढच्या ग्रँड स्लॅमसाठी आयर्लंडला एकसष्ट वर्षे थांबावे लागले. तो आला 2009 मध्ये.

ग्रँड स्लॅममध्ये ‘कमी महत्त्वाचा’ असा सामनाच नसतो. चारांपैकी एक निसटला की सगळेच जाते. स्कॉटलंडविरुद्धचा विजय नसता तर बेलफास्टमधल्या विजयाला एवढा अर्थ उरला नसता. म्हणून एका सामन्याच्या या खेळाडूचे नाव त्या संघाच्या यादीत तळटीप म्हणून लिहिले जाते, ते मला पटत नाही. कारकीर्द हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरला होता आणि तो कायम ठेवत आहोत.

याला आणखी एक कारण आहे. मिक फुटबॉलमध्येही आयर्लंडकडून खेळले आहेत, आणि तेही एकदाच. 30 सप्टेंबर 1946 रोजी, सोमवारी, डब्लिनच्या डेलीमाउंट पार्कवर डब्लिनच्या फुटबॉल संघटनेचा आयर्लंड संघ प्रथमच इंग्लंडशी खेळला. मिक यांची त्या संघात निवड ऐनवेळी झाली होती. त्यांचे थोरले बंधू केव्हिन त्याच संघात होते. टॉम फिनी यांनी सामना संपत आला असताना गोल केला आणि इंग्लंड 1-0 असे जिंकले. दोन खेळांत मिळून दोन आंतरराष्ट्रीय सामने, एकात निसटता पराभव आणि एकात विजय, असा हा लेखाजोखा आहे.

प्रश्न : मिक यांच्यापेक्षा त्यांचे बंधू केव्हिन हे मोठे खेळाडू होते, असे वाचनात आले. मग रग्बीत त्यांनाही एकच कॅप का? ते तितके चांगले नव्हते, असा याचा अर्थ घ्यायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : असा अर्थ घेऊ नये, आणि हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आकड्यांवरून माणसाची पारख करण्याची सवय आपल्याला क्रिकेटमुळे फार लागली आहे.

केव्हिन ओ'फ्लॅनगन यांचा जन्म जून 1919 मध्ये डब्लिनला झाला. अठराव्या वर्षी, नोव्हेंबर 1937 मध्ये, ते नॉर्वेविरुद्ध विश्वचषक पात्रता फेरीत आयर्लंडकडून फुटबॉल खेळले आणि त्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गोल केला. धावणे आणि लांब उडी या प्रकारांतही ते आयर्लंडचे विजेते होते. रग्बीच्या विंगवर असा वेगवान खेळाडू कोणत्याही निवड समितीला हवाच असतो. पण सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. स्वतंत्र आयरिश राज्य युद्धात तटस्थ राहिले आणि तेथील क्लबांचे सामने चालू राहिले, पण राष्ट्रसंघांची वार्षिक रग्बी स्पर्धा बंद पडली ती थेट 1947 मध्ये सुरू झाली. ज्या वयात विंगवरचा खेळाडू सर्वांत वेगाने धावतो, ते संपूर्ण वय या खंड पडलेल्या काळात निघून गेले.

मधल्या 1946 सालची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. युद्ध संपले होते, संघ पुन्हा मैदानावर येत होते, पण त्या मोसमातले सामने अनधिकृत मानले गेले आणि खेळाडूंना कॅप देण्यात आल्या नाहीत. 26 जानेवारी 1946 रोजी केव्हिन आयर्लंडकडून फ्रान्सविरुद्ध रग्बी खेळले. पुढच्याच शनिवारी, 2 फेब्रुवारीला, ते बेलफास्टमध्ये आयर्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळले. आठ दिवसांच्या आत दोन वेगळ्या खेळांत देशाचे प्रतिनिधित्व! तोही युद्धोत्तर काळातला अनधिकृत सामनाच होता. म्हणजे ज्या आठवड्यात त्यांनी बहुधा कोणालाही न जमणारी गोष्ट करून दाखवली, त्या आठवड्याची नोंद अधिकृत कॅपच्या तक्त्यात सापडत नाही.

त्यांची एकमेव अधिकृत रग्बी कॅप आली ती 6 डिसेंबर 1947 रोजी, दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाविरुद्ध लॅन्सडाउन रोडवर. आयर्लंड तो सामना 3-16 असा हरला. तोवर केव्हिन अठ्ठावीस वर्षांचे झाले होते आणि वैद्यकीय पदवी घेऊन लंडनमध्ये डॉक्टरकी करत होते. त्यानंतर तीन महिने उलटण्याच्या आत धाकट्या भावाला स्कॉटलंडविरुद्धची कॅप मिळाली. एकाच मोसमात दोन सख्खे भाऊ, प्रत्येकी एक कॅप, आणि तरीही एका मैदानावर एकत्र रग्बी कॅप मिळवण्याचा योग आला नाही. रग्बी आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेले सख्खे भाऊ म्हणून मात्र त्यांचे नाव राहिले आहे.

आपण पुण्याहून पत्र लिहिले आहे, म्हणून प्रा. दि. ब. देवधरांची आठवण करून देतो. डिसेंबर 1926 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा केल्या. भारताला कसोटी दर्जा मिळण्यात त्या मोसमातील खेळाचा मोठा वाटा होता. पण भारत पहिली कसोटी खेळला जून 1932 मध्ये, तेव्हा देवधर चाळिशीत होते, आणि त्यांच्या नावापुढे एकही कसोटी नाही. देवधर थोर फलंदाज नव्हते असे महाराष्ट्रात कोणी म्हणणार नाही. तोच न्याय केव्हिन यांना लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

फुटबॉलमध्ये त्यांना 1937 ते 1947 या दहा वर्षांत दहा कॅप मिळाल्या, आणि तेथेही मधली सात वर्षे युद्धात गेली. पुढे त्यांनी ऑलिंपिकमधील आयरिश पथकाचे डॉक्टर म्हणून काम केले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्यत्वही भूषवले. 2006 मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : फुटबॉल खेळणाऱ्याला रग्बी खेळण्यास त्या काळी मनाई नव्हती का? आयर्लंडमध्ये ‘परकीय खेळां’वर बंदी होती, असे ऐकून आहे. (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे, पण ती बंदी रग्बीवाल्यांनी घातलेली नव्हती. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही गेलिक फुटबॉल, हर्लिंग इत्यादी देशी खेळांची संघटना. तिच्या सदस्यांनी रग्बी, फुटबॉल, हॉकी आणि क्रिकेट हे इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे खेळ खेळू नयेत, इतकेच नव्हे तर पाहायलाही जाऊ नये, असा तिचा नियम होता. हा नियम 1971 मध्ये रद्द झाला. तो किती कडक होता, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे या संघटनेचे आश्रयदाते होते. नोव्हेंबर 1938 मध्ये ते डेलीमाउंट पार्कवर आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉल सामना पाहायला गेले. राष्ट्रप्रमुख म्हणून ते गेले होते, तरी पुढच्याच महिन्यात संघटनेने त्यांचे नाव आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला ही वागणूक मिळाली, हे आजही वाचताना वाईट वाटते.

तेव्हा डब्लिनमधल्या ज्या मुलाने फुटबॉल किंवा रग्बी निवडली, त्याला गेलिक मैदानाचे दार बंद होई. फुटबॉल आणि रग्बी या दोहोंमध्ये मात्र ये-जा शक्य होती. अट एकच होती, आणि ती पैशांविषयी होती. रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट 1995 पर्यंत हौशी खेळाडूंचा होता. खेळण्याबद्दल मोबदला घेणे हा अपराध मानला जाई. केव्हिन लंडनच्या आर्सेनल या बलाढ्य व्यावसायिक क्लबकडून खेळले, पण हौशी खेळाडू म्हणून. उपजीविकेसाठी वैद्यकी होती. मिक डब्लिनच्या बोहेमियन्स या क्लबकडून फुटबॉल आणि लॅन्सडाउनकडून रग्बी खेळत.

याच नियमाने दुसऱ्या काही कारकिर्दी छाटल्या, आणि त्यांचाही येथे उल्लेख हवा. बेलफास्टला वेल्सविरुद्ध निर्णायक ट्राय करणारे जॅक डेली हे त्या ग्रँड स्लॅमचे नायक. त्यांनी त्यानंतर लवकरच इंग्लंडमधील हडर्सफील्ड या रग्बी लीग क्लबशी करार केला. रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा, मोबदला देणारा, वेगळा खेळ आहे, आणि तिकडे गेलेल्या माणसाला युनियनमध्ये परत जागा नसे. संघातील सेंटर पॅडी रीड हेही हडर्सफील्डला गेले. कुटुंबासाठी चार पैसे मिळवावेत असे वाटण्यात गैर काय होते? ज्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी होती त्यांना हौशी राहणे परवडले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आयर्लंडचा हिरवा जर्सी कायमचा उतरवावा लागला. हौशी खेळाच्या त्या युगाविषयी फार गोडव्याने लिहिले जाते, तेव्हा ही बाजू झाकली जाते.

प्रश्न : डब्लिन एका देशात आणि बेलफास्ट दुसऱ्या देशात असताना आयर्लंडचा संघ दोन्हीकडे ‘घरचे’ सामने कसा खेळत होता? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आयर्लंडची रग्बी संघटना 1879 मध्ये संपूर्ण बेटासाठी स्थापन झाली आणि 1921 च्या फाळणीनंतरही ती अखंड राहिली. त्यामुळे रग्बीत आजही उत्तर आणि दक्षिण मिळून एकच संघ आहे. फुटबॉलमध्ये मात्र 1921 मध्ये डब्लिनची संघटना बेलफास्टच्या संघटनेपासून वेगळी झाली, आणि काही वर्षे दोघीही संपूर्ण बेटातून खेळाडू घेत राहिल्या. म्हणूनच जॉनी केरी यांच्यासारखा खेळाडू सप्टेंबर 1946 मध्ये शनिवारी बेलफास्टच्या संघाकडून आणि सोमवारी डब्लिनच्या संघाकडून इंग्लंडविरुद्ध खेळू शकला.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. येथील वॉन्डरर्स क्लबमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या खेळाडूंचा उल्लेख ऐकला. त्यांच्याही आंतरराष्ट्रीय कारकिर्दी छोट्याच होत्या का? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : तिघांपैकी दोघांच्या फारच छोट्या होत्या. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदक चार आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंना मिळाले. त्यांपैकी तिघे आयर्लंडचे आणि तिघेही वॉन्डरर्सचे. चौथे इंग्लंडचे आर्थर हॅरिसन.

टॉमस क्रीन यांना 1894 ते 1896 या काळात नऊ कॅप मिळाल्या आणि 1894 चा आयर्लंडचा पहिला ट्रिपल क्राउन (एकाच मोसमात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवरही विजय) त्यांच्या वाट्याला आला. रॉबर्ट जॉन्स्टन यांना 1893 मध्ये दोनच कॅप मिळाल्या. हे दोघे 1896 मध्ये ब्रिटिश बेटांच्या संघातून दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, आणि पुढे बोअर युद्धात दोघेही इंपीरियल लाइट हॉर्स या घोडदळातून लढले. जॉन्स्टन यांचे पदक ऑक्टोबर 1899 मधील एलान्सलाख्टच्या लढाईतले आणि क्रीन यांचे डिसेंबर 1901 मधले.

तिसरे फ्रेडरिक हार्वे. त्यांची पहिली कॅप 1907 ची, वेल्सविरुद्ध. दुसरी आणि शेवटची 1911 ची, फ्रान्सविरुद्ध. मधल्या चार वर्षांत काहीच नाही. पुढे ते कॅनडाच्या घोडदळात होते आणि मार्च 1917 मध्ये फ्रान्समधील गियांकूर येथे त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली. त्या तुकडीत त्यांना ओळखणाऱ्या किती जणांना त्यांच्या दोन कॅप ठाऊक असतील? खेळाडूचे आयुष्य मैदानाच्या रेषेपलीकडे बरेच असते, हे अशा माणसांच्या बाबतीत वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : मिक ज्या सामन्यात खेळले तो आयर्लंडने जिंकला, प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही, तरी पुढच्या सामन्यात त्यांना वगळले. हा अन्याय नव्हे काय? आणि आज असे घडले असते का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपल्या प्रश्नातील कळकळ मला समजते, पण ‘अन्याय’ हा शब्द मी वापरणार नाही. मोसमातील बाकीच्या सामन्यांत सेंटरच्या जागेवर पॅडी रीड खेळले होते. स्कॉटलंडविरुद्ध ते नव्हते, म्हणून मिक आले. वेल्सविरुद्ध रीड परतले, म्हणून मिक यांची जागा गेली. ग्रँड स्लॅम एका विजयावर आलेला असताना निवड समितीने जुनी, सरावलेली जोडी पुन्हा मैदानावर उतरवली, यात वावगे काही दिसत नाही.

पण खरी अडचण नियमांत होती. त्या काळी राखीव खेळाडू मैदानावर उतरवण्याची सोयच नव्हती. जे पंधरा जण सामना सुरू करत तेच तो संपवत, आणि एखादा जायबंदी झाला तर उरलेले चौदा खेळत. आंतरराष्ट्रीय सामन्यात दुखापतीमुळे बदली खेळाडू येण्याचा पहिला प्रसंग जून 1968 मधला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या पहिल्या कसोटीत बॅरी जॉन यांच्या जागी आयर्लंडचे माइक गिब्सन आले. त्यामुळे 1948 मध्ये सोळावा माणूस होणे म्हणजे कोट घालून कठड्याबाहेर बसणे. त्यातून वर्षाला सामने किती, तर स्पर्धेचे चार आणि एखादा परदेशी संघ दौऱ्यावर आला तर पाचवा. एका जागेसाठी तीन-चार तोलामोलाचे खेळाडू असले, की कोणाच्या तरी वाट्याला एक किंवा दोन कॅपच येणार, हे उघड आहे. पुढच्याच मोसमात, 1949 मध्ये, सेंटरच्या जागेवर फादर टॉम गॅव्हिन खेळले. ते कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांना दोन कॅप मिळाल्या. आयर्लंडने त्या वर्षीही ट्रिपल क्राउन जिंकला.

आता आजची स्थिती पाहा. 2023 या एका वर्षात आयर्लंडचा संघ तेरा आंतरराष्ट्रीय सामने खेळला : सिक्स नेशन्सचे (फाइव्ह नेशन्सचे आजचे रूप) पाच, विश्वचषकापूर्वीचे तीन आणि विश्वचषकाचे पाच. प्रत्येक सामन्यात तेवीस जणांचा संघ असतो आणि आठ जण राखीव बाकावरून उतरू शकतात. ब्रायन ओ'ड्रिस्कॉल हे मिक यांच्याच जागेवर, म्हणजे सेंटरला खेळणारे. त्यांना 1999 ते 2014 या काळात आयर्लंडच्या 133 कॅप मिळाल्या. त्यांची थोरवी निर्विवाद आहे, पण 1948 च्या वेळापत्रकात 133 हा आकडा कोणालाही गाठता आला नसता. वर्षाला पाच सामन्यांच्या हिशेबाने त्यासाठी सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागला असता.

तेव्हा आजच्या काळात मिक यांच्यासारखा खेळाडू राखीव बाकावर राहिला असता आणि त्याच्या नावावर बऱ्याच अधिक कॅप जमा झाल्या असत्या, असे मला वाटते. त्यांतील काही मात्र शेवटच्या पाच-दहा मिनिटांच्या असत्या, कारण आज बाकावरून उठून काही क्षण खेळलेल्यालाही पूर्ण कॅप मिळते. मिक यांची कॅप तशी नाही. ते सुरुवातीच्या पंधरांत होते, सामन्याची ऐंशी मिनिटे बदली खेळाडूची सोय नसताना खेळले, आणि त्या ऐंशी मिनिटांत स्कॉटलंडला एकही गुण मिळाला नाही. 2015 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. आयर्लंडचा दुसरा ग्रँड स्लॅम त्याच्या सहा वर्षे आधी झाला होता.